केली-नाचाला ढोलकी कशी वाजवावी

ग्लासगोला शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींपैकी कुणाच्या तरी सामानात तबला नाहीतर ढोलकी असतेच. मग स्कॉटिश नाचांना साथ करणारा आमचा बँड ऐकला की ती विचारतात, "ताई, आम्हाला जमेल का हे?" जमेल. हात तयार असला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सात जण आहोत. फिडल (म्हणजे व्हायोलिन), ॲकॉर्डियन, बॉर्डर पाइप्स (भात्याने वाजणारी बॅगपाइप), गिटार, बास, ड्रम किट आणि माझी ढोलकी-तबल्याची जोडी. आम्ही मैफलीही करतो आणि केलीही. केली हा गेलिक शब्द. मूळ अर्थ गाठभेट, चार माणसं जमणं. आता बँडच्या साथीवर सगळ्यांनी मिळून नाचायच्या कार्यक्रमाला केली म्हणतात. लग्नात तर ती हटकून असते. कॉलर नावाचा माणूस माइकवरून पावलं सांगत जातो आणि आठ वर्षांच्या नातीपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे फेर धरतात.

वाद्य हातात घेण्याआधी तीन-चार केल्यांना जाऊन नाचा. याला दुसरा उपाय नाही. 'गे गॉर्डन्स' बहुतेक वेळा पहिलाच असतो. चार पावलं पुढे, वळून चार मागे, तेच उलट्या दिशेने, मग जोडीदाराच्या हाताखालून गिरकी आणि शेवटी पोल्का. सोळा बारमध्ये (बार म्हणजे त्यांचं एक आवर्तन) सगळं आटोपतं. 'डॅशिंग व्हाइट सार्जंट'मध्ये तिघे तिघांसमोर उभे राहतात. आधी सहा जणांचा फेर, मग आपापल्या जागी पावलं टाकत गिरक्या, मग तिघांची इंग्रजी आठच्या आकड्यातली गुंफण आणि शेवटी समोरच्यांमधून पार होऊन पुढच्या तिघांकडे. हे स्वतःच्या पायांनी केलंत की कुठे दम लागतो आणि कुठे ठेक्याचा आधार हवा असतो, ते कळतं.

आता हिशेब. या नाचांची बहुतेक धून ३२ बारची असते. अ भाग दोनदा, ब भाग दोनदा, प्रत्येक भाग आठ बारचा. जिग आणि रील हे या धुनींचे दोन प्रकार. आपल्या भाषेत, जिगचा एक बार म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन आणि रीलचा एक बार म्हणजे केरव्याचं एक. मिनिटाला ११२ ठोक्यांच्या (बारला दोन ठोके) लयीत ३२ बारची रील साधारण ३४ सेकंदांत संपते. एका नाचात ती सहा-आठ वेळा येते आणि मध्ये धुनी बदलतात. बदलायच्या आधी कुणीतरी "हप!" ओरडतं, शेवटची फेरी आली की आमचा ॲकॉर्डियनवाला पाय उचलतो. तुम्ही समेची वाट बघू नका, आठ-आठची मोजणी अंगात भिनू द्या.

दादरा येतो म्हणून जिग येते, असं मात्र समजू नका. माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. दादऱ्यात चौथ्या मात्रेला खाली येते आणि डग्गा गप्प होतो. जिगमध्ये नेमक्या त्याच मात्रेला नाचणाऱ्याचा दुसरा पाय जमिनीवर येत असतो. मी रीतसर धा धी ना, ना ती ना वाजवत होते आणि समोरच्या जोड्या दर दुसऱ्या पावलाला अडखळल्यासारख्या दिसत होत्या. ड्रमरने विश्रांतीत मला लाकडी फरशीवर उभं केलं आणि माझ्याकडून जिगचं पाऊल करून घेतलं. दोन्ही पाय सारखे पडतात, दोन्हीला खालून भार हवा. तेव्हापासून मी पहिल्या आणि चौथ्या, दोन्ही मात्रांना डग्गा उघडा ठेवते. शिवाय तीन मात्रा सारख्या अंतरावर नसतात. पहिली जराशी लांबते, दुसरी चेपली जाते, त्यातून डोल येतो. गोंधळात संबळ ऐकलेल्याला हा डोल परका वाटणार नाही. लिहून तो कळत नाही. फिडलच्या गजाकडे बघत बसा, गज कुठे रेंगाळतो ते दिसतं.

रीलला केरवा चालतो, पण बोल कमी करा. पहिली आणि पाचवी भक्कम ठेवा, बाकीच्या जागा गिटारला सोडा. स्ट्राथस्पे या संथ प्रकारच्या धुनीत आखूड-लांब असा झटका असतो. तिथे मी एका हाताने जेमतेम साथ करते.

लय पळू देऊ नका. ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. 'ऑर्केडियन स्ट्रिप द विलो'मध्ये दोन लांबच लांब रांगा असतात. वरची जोडी गिरक्या घेत खाली निघते, तिच्यामागे पुढची. दहा-पंधरा मिनिटं हे चालतं, हॉलमध्ये नुसती आरडाओरड, आणि आपल्या हातांना लय वाढवायचा मोह होतो. एका लग्नात मी वाढवली. रांगेच्या मधोमध एका वयस्कर बाईंचा हात सुटला आणि त्या गुडघ्यावर पडल्या. फार लागलं नाही, त्या हसत उठल्याही. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. लोक एकमेकांच्या हातांवर भार टाकून फिरत असतात आणि तो भार आपल्या लयीवर उभा असतो. घरी मी जिमी शँड (१९०८–२०००) यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांबरोबर रोज अर्धा तास वाजवू लागले. शँड ॲकॉर्डियनचे बादशहा, लय अशी की घड्याळ लावावं.

म्हणूनच पाय दिसतील असे बसा. मंचावर मांडी घातली की समोरच्या मॉनिटर स्पीकरपलीकडचं काही दिसत नाही. मी तबला टेबलाच्या उंचीच्या स्टँडवर ठेवते आणि ढोलकी उभ्याने वाजवते.

सूर लावताना तबला पांढरी दोनला ठेवा. फिडलच्या धुनी बहुधा पांढरी दोन, पाच नाहीतर सहाच्या असतात आणि पांढरी दोन त्या सगळ्यांत बसते. हायलँड बॅगपाइप आला तर मात्र सूर काळी पाचच्या आसपास जातो, तेव्हा तबला बाजूला ठेवून ढोलकी घ्या. पाइपची सुरावट कानाला खमाज थाटाची लागेल, निषाद कोमल. अनेक उदास रील्स काफी थाटातल्या वाटतात. ढोलकी शक्यतो नटबोल्टची आणा. नाचणाऱ्यांच्या घामाने हॉल दमट होतो आणि तासाभरात पुडी उतरते. दोरीची ढोलकी दोन नाचांच्या मध्ये चढवायला वेळच मिळत नाही.

मैफलीत हे सगळं सैल होतं. लोक बसून ऐकतात, तिथे खाली दाखवा, मध्येच थांबा, तिहाई घ्या. नाचात तिहाई कधीही घेऊ नका. नाच संपला असं वाटून लोक थांबतात. मैफलीसाठी एडिनबराचा शूगलनिफ्टी हा बँड ऐका, त्यांनी राजस्थानी कलाकारांबरोबरही वाजवलं आहे. आफ्रो केल्ट साउंड सिस्टिम या बँडमधला जॉनी कालसींचा ढोल ऐका. १९९४ पासून दर जानेवारीत ग्लासगोला सेल्टिक कनेक्शन्स महोत्सव भरतो, तेव्हा इथे असाल तर पैसे साठवून जा.

एडिनबराच्या सँडी बेल्ससारख्या पबमधल्या सेशनला (वादक जमून एकत्र वाजवतात तिथे) गेलात, तर आधी ऐका, मग विचारा. तिथे आधीच एखादा बोरान वाजत असेल तर आपण वाजवू नये. बोरान हे बकऱ्याच्या चामड्याचं आयरिश वाद्य, दिसायला आपल्या डफासारखं. दोन चर्मवाद्यं झाली की फिडल ऐकूच येत नाही.

शेवटी 'ऑल्ड लँग साइन' हे निरोपाचं गाणं होतं. सगळे मोठा फेर धरतात आणि हातांची अढी शेवटच्या कडव्यातच घालतात. तोपर्यंत अगदी संथ, हलक्या बोटांनी वाजवा. मग फेर मधोमध धावत येतो, तेव्हाच दुगुन. गर्दी पांगली की ढोलकीचे नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा, पुडी कोरड्या फडक्याने पुसा आणि वाद्य घरात घेऊन जा. थंडीत रात्रभर गाडीत ठेवू नका.