मालवणच्या कातळावर मुलांना नेताय? आधी तिथी बघा

टोपी, पाणी, खाऊ घ्या. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मालवणचं रॉक गार्डन गाठा, तिथला कातळ ओहोटीला उघडा पडतो. इतकं सोपं.

अवघड आहे ती वेळ. "कधीही जा, समुद्र काय पळून जातोय" हा सल्ला ऐकून आम्ही पहिल्यांदा गेलो ती अष्टमी. पाणी जेमतेम हातभर हटलं. मुलं हिरमुसली. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा समुद्र फारसा आत जातच नाही. तुम्हाला हवं उधाण, म्हणजे पुनव-अवसेनंतरचे दोन-तीन दिवस.

हिशोब कोकणातला जुनाच: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, त्यापासून सव्वासहा तास मागे किंवा पुढे ओहोटी. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी सव्वासातच्या आसपास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हा झाला अंदाज. दिवस ठरवायला तो पुरतो. निघण्याआधी मात्र भरती-ओहोटीचा तक्ता बघाच. दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. तक्त्यात जिच्या पाण्याच्या उंचीचा आकडा लहान ती निवडा, पण अंधारातली नको.

आता माझं ठाम मत. ओहोटीच्या वेळेला पोहोचू नका, दीड तास आधी पोहोचा. हटणाऱ्या पाण्यामागून चालत जा आणि पूर्ण ओहोटी झाली की तोंड किनाऱ्याकडे फिरवा. एकदा मी "अजून दहा मिनिटं" म्हणत रेंगाळले. समोरचं पाणी शांत होतं, पण पाठीमागचा चर भरला होता. लेकीला खांद्यावर घेऊन मांडीभर पाण्यातून आले. पाणी समोरून नाही, चरातून मागून येतं. समोर बघत राहाल तर कळणारही नाही.

पायात टाचेला पट्टा असलेल्या सँडल हव्यातच. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

डबक्यापाशी उकिडवे बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. निपचित पडलेला शंख दिसला तर मिनिटभर हलू नका. आधी दोन डोळे येतात, मग डेंगे, मग शंख चालायला लागतो. नक्षीदार, शंकूच्या आकाराच्या शंखाला मात्र हात लावू नका. आतली गोगलगाय विषारी काटा मारते.

दगड उलटलात तर होता तसाच ठेवा. त्याच्या पोटाला चिकटलेली अंडी उन्हात सुकून मरतात.