गणित सोडवताना आधी ‘एकूण किती’ ते लिहा

संभाव्यता, दशांश अपूर्णांक आणि कोन हे तीन वेगवेगळे धडे. पण तिन्हींत मुलं बहुतेक एकाच कारणाने चुकतात: आकडेमोडीची घाई. म्हणून पहिल्या ओळीत, हे सगळं मिळून किती, ते लिहायची सवय लावा.

संभाव्यतेत तर याच ओळीवर उत्तर ठरतं. दोन फासे टाकले, तर बेरीज ७ येण्याची संभाव्यता किती? बेरीज २ ते १२ येते, म्हणजे ११ शक्यता, म्हणून उत्तर १/११, असं पुष्कळ जण लिहितात. पण २ मिळायला दोन्ही फाशांवर १ च पडावा लागतो, ७ मात्र कितीतरी प्रकारे मिळतात. त्या अकरा शक्यता सारख्या नाहीत.

वहीत सहा ओळी आणि सहा रकाने आखा. ओळी लाल फाशाच्या, रकाने निळ्या फाशाचे. प्रत्येक घरात बेरीज भरा. एकूण घरं ३६. आता ७ शोधा: ते एका तिरक्या रेषेत, बरोबर सहा घरांत दिसतील. संभाव्यता ६/३६, म्हणजे १/६. लाल ३, निळा ४ आणि लाल ४, निळा ३ ही दोन वेगळी घरं का, हे तक्ता स्वतः भरल्याशिवाय पटत नाही. म्हणून तो एकदा भराच.

त्याच तक्त्यावर पुढचा प्रश्न: निदान एका फाशावर ६ पडण्याची संभाव्यता? इथे उलटं मोजा. कुठेच ६ नाही अशी घरं ५ × ५ = २५. उरली ११. उत्तर ११/३६. सहाची ओळ आणि सहाचा रकाना नुसते मिळवले, तर १२ येतात, कारण कोपऱ्यातलं घर दोनदा मोजलं जातं.

दशांशात विचारायचं ते एवढंच, की एकाचे किती भाग केलेत? ०.५ म्हणजे दहातले ५, अर्थात शंभरातले ५०. म्हणून तो ०.३५ पेक्षा मोठा. बेरजेत दशांशचिन्हं एकाखाली एक घ्या: ३.७० + ०.४५ = ४.१५. गुणाकारात ०.३ × ०.२ चं उत्तर ०.६ नव्हे, ०.०६, दहाव्या भागाचा दहावा भाग शंभरावा होतो.

कोनांत एकूण बहुधा ठरलेलंच असतं: सरळ रेषेवर १८०°, बिंदूभोवती ३६०°, त्रिकोणात १८०°. त्रिकोणाचे कोन २ : ३ : ४ या प्रमाणात असतील, तर भाग नऊ, एक भाग २०°, आणि कोन ४०°, ६०°, ८०°. कोनमापकाने मोजताना मात्र आधी डोळ्यांनी पाहा, कोन काटकोनापेक्षा लहान की मोठा. कोनमापकावर आकड्यांच्या दोन रांगा असतात. लघुकोनाला १३०° वाचलं असेल, तर दुसरी रांग पाहा, तिथे ५०° असेल.