ड्राइव्ह शाफ्ट घरी बदलताना: खरी परीक्षा आतल्या टोकाला

पेट्रोल स्विफ्ट, वॅगन आर, अल्टो अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा (गॅरेजमध्ये त्याला एक्सेलच म्हणतात), घरच्या पार्किंगमध्ये बदलता येतो. चाक काढणं, ब्रेक पॅड बदलणं ज्यांच्या हाताखालून गेलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिल्या वेळी अख्खा दिवस हाताशी ठेवा. संध्याकाळी सहाला सुरू करून सकाळी ऑफिसला गाडी न्यायचा बेत असेल, तर हात लावू नका.

आधी दुखणं नक्की शाफ्टचंच आहे का ते बघा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी फिरवा. टक्-टक्-टक् आवाज येत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही ताकद पोचवणारा शाफ्टचा सांधा, गेलाय. डावीकडे वळताना आवाज वाढला तर बहुधा उजव्या बाजूचा, उजवीकडे वळताना वाढला तर डावीकडचा. सरळ रस्त्यावर रेस दिल्यावर गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते, तेव्हा संशय आतल्या जॉइंटवर घ्यावा. वेगाबरोबर चढणारी एकसुरी घरघर मात्र बहुतेक वेळा चाकाच्या बेअरिंगची असते. तिच्यासाठी शाफ्ट बदललात तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया. जॉइंटवरचा रबरी बूट फाटलाय, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय, पण आवाज अजून नाही, अशा वेळी जॉइंट धुऊन नवीन ग्रीस आणि बूट घातले तरी भागतं. फक्त पावसाळ्यात फाटक्या बुटावर घाट चढू-उतरू नका. आत चिखल-पाणी शिरलं की सहा गोळ्यांचा तो जॉइंट झपाट्याने खराब होतो.

खरेदीला जाताना बाजू नक्की सांगा. या गाड्यांत गिअरबॉक्स डावीकडे असल्यामुळे उजवा शाफ्ट लांब असतो. जुना आणि नवा शेजारी ठेवून चार गोष्टी ताडून बघा: लांबी, दोन्ही टोकांच्या स्प्लाइनचे (लांबट खाचांचे) दाते, ऑइल सील (गिअरबॉक्सच्या तोंडाशी ऑइल अडवणारी रबरी रिंग) जिथे टेकते त्या भागाचा व्यास, आणि जुन्यावर एबीएसची दातेरी रिंग असेल तर नव्यावर ती आहे का. सोबत नवा हब नट (शाफ्टला चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबमध्ये, आवळून धरणारा), आतल्या टोकाची नवी सर्कलिप (तारेची रिंग), त्या बाजूचं ऑइल सील आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं गिअर ऑइल घ्या. या वर्गात ते बहुधा ७५डब्ल्यू-८० असतं. जुना हब नट पुन्हा वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याची कड एकदा खाचेत ठोकून बसवलेली असते, दुसऱ्यांदा ती तशी धरत नाही.

हत्यारांत हब नटाला बसणारी गोटी (३० किंवा ३२ मि.मी., आपल्या नटावर मोजून घ्या), लांब दांडा, टॉर्क पाना, दोन पहारी, दोन जॅकस्टँड. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायवूड ठेवा, नाहीतर स्टँडचा पाय फरशीत रुततो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. यात तडजोड नाही.

गाडी जमिनीवर असतानाच छिन्नीने नटाची ठोकलेली कड उचला आणि नट जेमतेम ढिला करा. त्यानंतर गाडी हलवायची नाही, कारण चाकाच्या बेअरिंगला दाबून धरणारा हाच नट आहे. तो ढिला असताना चाकावर वजन घेऊन गाडी ढकलली तर चांगलं बेअरिंगही खराब होऊ शकतं. मग गाडी उचला, स्टँडवर घ्या, चाक काढा. गिअर ऑइल काढताना आधी भरायचा प्लग उघडा, मगच खालचा. वरचा प्लग गंजून अडकला असेल तर तो ऑइल पोटात असतानाच कळलेला बरा.

नकल (ज्यावर हब आणि ब्रेक बसतात तो भाग) आणि लोअर आर्म (नकलला खालून धरणारा दांडा) यांना जोडणाऱ्या बॉल जॉइंटचा बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. तो जॉइंटच्या खुंटाच्या खाचेतून आरपार गेलेला असतो. नंतर लोअर आर्म पहारीने खाली दाबा, जॉइंट सुटतो. काही जण शॉकअपचे दोन बोल्ट काढून नकल बाजूला घेतात. तसं करणार असाल तर आधी बोल्टच्या जागेवर खूण करा, नाहीतर चाकाचा कल बदलतो आणि टायर एका बाजूने झिजतो. नकल ओढताना ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर ताण येत नाही ना, ते बघत राहा. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांत शाफ्ट हबमध्ये गंजून बसलेला असतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून तासभर थांबा, नट टोकाच्या समान पातळीवर आणा, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवा आणि ठोका. थेट आट्यांवर हातोडी नको. शाफ्ट फेकायचाच असला तरी चेपलेल्या आट्यांमुळे तो हबमधून निघताना अडकतो.

इथपर्यंतचं काम मेहनतीचं आहे, अवघड नाही. पहिल्यांदा करणारे चुकतात ते इथून पुढे, गिअरबॉक्सच्या तोंडाशी, म्हणून इथे सावकाश वाचा.

आतलं टोक गिअरबॉक्समध्ये एका बारीक तारेच्या रिंगने, म्हणजे सर्कलिपने, धरलेलं असतं. शाफ्टच्या दांड्याला धरून ओढलं तर सुटतो तो सर्कलिप नव्हे, आतल्या जॉइंटचे तीन रोलर. ते आपल्या वाटीतून निसटतात, दांडा हातात येतो आणि वाटी गिअरबॉक्सला तशीच चिकटून राहते. म्हणून ओढायचं नाही. वाटी आणि गिअरबॉक्स यांच्या फटीत पहार घाला, टेकू सीलपासून लांब, जाड धातूवर घ्या आणि झटका द्या. दोन बाजूंनी दोन पहारी असतील तर काम सोपं. एका बाजूने निघालं नाही तर वाटी थोडी फिरवून पुन्हा. दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकाच वेळी बाहेर काढू नका. काही गिअरबॉक्समध्ये डिफरन्शिअलचे (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचे) आतले गिअर सरकतात आणि मग नवा शाफ्ट जागा सापडत नाही.

काढण्याआधी मात्र एक गोष्ट न विसरता करा: वाटी आणि गिअरबॉक्स यांच्यातली फट मोजा. पट्टी लावून फोटो घेतलात तरी चालेल. सगळा उलगडा याच आकड्यावर होतो.

आता बसवणी. नव्या सर्कलिपला घट्ट ग्रीसचा ठिपका देऊन ती खाचेत मध्यावर ठेवा. एका बाजूला लोंबली की ती गिअरच्या कडेला अडते. सीलच्या ओठाला गिअर ऑइल लावा. शाफ्ट आडवा, अगदी सरळ धरून आत न्या. दुसरं माणूस बाहेरचं टोक पेलायला हवंच, कारण ते लोंबलं की स्प्लाइनच्या धारदार कडा सील कापतात. दाते जुळले की शाफ्ट सहज सरकतो आणि शेवटी अडतो. इथेच फसगत होते. अडला म्हणजे बसला असं वाटतं. पण त्या क्षणी सर्कलिप गिअरच्या तोंडाशी असते, दबून पलीकडे गेलेली नसते. वाटीला हाताने जोरात पुढे ढकला. नाही गेलं तर थोडं फिरवा आणि पुन्हा ढकला. क्लिप पलीकडे उघडली की बारीक ‘टक’ हाताला जाणवतो. गोंगाटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून कानावर विसंबू नका. मघाची फट पुन्हा मोजा. दोन-तीन मिलिमीटर जास्त भरली तर शाफ्ट बसलेला नाही, कितीही घट्ट वाटला तरी. मग वाटीला (दांड्याला नाही) बाहेर ओढून बघा. बसलेली वाटी बाहेर येत नाही.

हे न तपासता गाडी खाली उतरवली तर सुरुवातीला सगळं ठीक चालतं. मग वळणावळणाला शाफ्ट इंचाइंचाने बाहेर सरकतो, सीलकडून ऑइल गळतं आणि एखाद्या चढावर दाते सुटतात. इंजिन चालू, गिअर टाकलेला, पण गाडी जागेवर. डिफरन्शिअल सगळी ताकद त्या सुटलेल्या बाजूला फिरवून टाकतो. नेमका हा एक मिनिट बहुतेक व्हिडिओंमध्ये कापलेला असतो. शिकायचं असेल तर ज्याचा हात या जागी थांबतो अशा फिटरजवळ उभं राहा. ‘ठोक, बसतंय’ म्हणणारा उस्ताद कितीही जुना असो, त्याच्याकडून हे काम शिकू नका. आणि पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत बसलं नाही तर घाबरू नका. शाफ्ट काढून क्लिप पुन्हा मध्यावर घेतली की बहुतेक वेळा काम होतं.

बाकीचं उलट क्रमाने. हब नट चाक हवेत असताना, कुणाला ब्रेक दाबून ठेवायला सांगून टॉर्क पान्याने आवळा, वजन चाकावर येण्याआधी. आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो १७५ ते २०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. अंदाज हवा तर, एक मीटर पाइपच्या टोकाला १८ किलो वजन म्हणजे साधारण १७५. त्याच पाइपवर ७० किलोचा माणूस उभा राहिला तर जवळपास ६९०. ‘अंगाच्या जोराने’ आवळणं म्हणजे किती, ते यावरून कळावं. शेवटी नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवा.

गिअर ऑइल भरताना गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. एक बाजू उचललेली असताना भरलं तर पातळी चुकते. भरायच्या प्लगच्या कडेतून ऑइल ओघळेपर्यंत भरा, ओघळ थांबला की प्लग लावा.

पाच-सहा किलोमीटर हळू चालवा, दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. ५० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा. रात्री गिअरबॉक्सखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी एखादा थेंब दिसला तर तो काम करताना सांडलेल्या ऑइलचा असू शकतो, म्हणून पुसून आणखी एक रात्र बघा. दुसऱ्या सकाळीही डाग असेल तर आधी फट मोजा. फट वाढली असेल तर शाफ्ट बाहेर येतोय, गाडी चालवू नका. फट तेवढीच असेल तर सील कापलंय. शाफ्ट पुन्हा काढावा लागेल, पण या खेपेला काम निम्म्या वेळात होतं.