विंच शेवटी घ्या: जुन्या पिकअपची रिकव्हरी गाडी बांधताना या चुका टाळा

जुनी पिकअप दारात आली की बहुतेकांची पहिली खरेदी विंचची, म्हणजे मोटरने दोर ड्रमवर गुंडाळून रुतलेली गाडी ओढणाऱ्या यंत्राची असते. पुढे विंच बसली, लाल हूक लटकला की गाडी तयार झाल्यासारखी वाटते. मीही तेच केलं. विंच बसवली त्याच आठवड्यात चिखलात रुतलेली एक जीप काढायला गेलो. जीप जागची हलली नाही, माझा पुढचा बंपर मात्र दोन बोटं पुढे आला. विंचने तिचं काम चोख केलं होतं. अडकलेली गाडी कोणती आणि सोडवणारी कोणती, हे दोराला कळत नाही. तो दोन्ही टोकांना सारखाच ओढतो. तीस-चाळीस वर्षं झालेल्या गाडीवर हा प्रयोग करायचा तर आधी आपलं टोक तपासायला हवं. खालच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

रंगाखालची चासी

जुन्या पिकअपची चासी म्हणजे दोन लांब सी-आकाराचे चॅनेल आणि त्यांना बांधणारे आडवे क्रॉस मेंबर, बरेचसे रिव्हेट मारलेले. एक चाक खड्ड्यात गेलं की ही चासी थोडी पिळते आणि परत सरळ होते. ती तशीच बनवलेली आहे. दोष समजून तिला जागोजागी पट्ट्या ठोकून ताठ करायला गेलात की ती दुसरीकडे चिरते.

पहिली चूक मात्र त्याच्याही आधीची: गंज न तपासता रंग मारणे. सस्पेन्शनच्या पाट्यांच्या हँगरपाशी, केबिनच्या माउंटिंगखाली, मागच्या एक्सलच्या वरच्या वळणावर आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसलेत तिथे गंज आतून खातो. छोट्या हातोडीने पूर्ण चासी ठोकत जा. धड लोखंड खणखणतं, खाल्लेलं बद्द वाजतं. शंका आली तिथे टोच्या दाबून बघा. टोच्या आत गेला तर तो तुकडा कापून नवा घालायचा, वरून पट्टी मारून झाकायचा नाही. त्या पट्टीखाली पाणी साचतं आणि पुढचं काम दुप्पट होतं.

दुसरी चूक वेल्डिंगची. चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या कडेवर सगळ्यात जास्त ताण येतो. तिथे भोक पाडू नका आणि कडेला आडवं वेल्डिंगही करू नका. भोकं हवीत तर उभ्या भिंतीत, कडेपासून लांब. मजबुतीची पट्टी लावायची असेल तर तिची टोकं सरळ कापू नका. ती तिरकी किंवा बर्फीसारखी निमुळती ठेवा, म्हणजे ताण एकाच रेषेत अडकत नाही. सरळ कापलेल्या पट्टीच्या बाजूला चीर जाते, आणि ती वेल्डिंगमध्ये नाही, वेल्डिंगच्या शेजारच्या लोखंडात असते. मग लोक वेल्डरला दोष देतात, चूक मात्र पट्टी कापणाऱ्याची असते.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, अल्टरनेटरचीही जोडणी सोडा. आणि पेट्रोलची टाकी कुठे आहे ते बघा. कित्येक जुन्या पिकअपमध्ये ती सीटच्या मागे, केबिनमध्येच असते.

एक चूक इतकी सर्रास दिसते की वेगळी सांगतो. केबिन आणि हौदा हे दोन वेगळे भाग आहेत आणि चासी पिळली की ते वेगवेगळे हलतात. दोन्हींना एकत्र पकडणारा पाइपचा रॅक किंवा मोठी पेटी वेल्ड केली, तर पहिल्या खडबडीत उतारावर केबिनच्या मागच्या पत्र्याला चिरा जातात. रॅक हौद्यावरच उभा करा, केबिनपासून चार बोटं मोकळा.

ओढायची जागा

टो बॉल ही ओढायची जागा नाही. हे वाक्य मी कुणालाही शंभर वेळा सांगायला तयार आहे. तो बॉल ट्रेलर शांतपणे ओढण्यासाठी असतो. ताणलेल्या पट्ट्याचा झटका बसला की त्याची मान तुटते आणि लोखंडाचा तो गोळा तोफगोळ्यासारखा सुटतो. अशाने माणसं मेली आहेत. बंपरची कड, पाट्याची शॅकल, स्टीअरिंगचा रॉड आणि कारखान्यातून गाडी बांधून नेण्यासाठी दिलेली पातळ कडी याही ओढायच्या जागा नव्हेत.

रिकव्हरी पॉइंट चासीच्या दोन्ही चॅनेलवर हवेत, मागून जाड पट्टी घालून, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेल्या बोल्टनी कसलेले. चकचकीत स्टेनलेस बोल्ट दिसायला सुंदर असतो, पण त्या जागी तो या उच्च ताकदीच्या बोल्टची बरोबरी करेल असं धरून चालू नका. माझा बंपर का सरकला होता? बोल्ट धड होते, पण चासीला पाडलेली भोकं लांबट होती आणि मागे पातळ वॉशर. ओढ बसली तसे बोल्ट भोकात घसरले.

दोन पॉइंटना पट्टा अडकवून मधून ओढायचं असेल तर कोन बघा. दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर ओढीच्या सुमारे ५८ टक्के भार येतो. कोन १२० अंशांपर्यंत उघडला तर प्रत्येक पायावर पूर्ण ओढीइतका भार येतो, म्हणजे दोन पॉइंट वापरून काहीच मिळवलं नाही. उलट ते दोन्ही चॅनेलना आत दाबतात. पट्टा आखूड म्हणून कोन उघडा ठेवू नका, लांब पट्टा घ्या.

विंचवरचा आकडा

विंचवर लिहिलेली ओढ ही ड्रमवर दोराचा पहिलाच थर असतानाची असते. थर वाढले की ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ घटते. चौथ्या थरापर्यंत ती ४० टक्क्यांच्या आसपास कमी होऊ शकते. ४,३०० किलोची विंच घेतलेला माणूस दोन मीटर दोर सोडून ओढायला लागतो, तेव्हा त्याच्या हातात अडीच टनांच्या जवळपास ओढ उरलेली असते.

निवडीचा जुना नियम सोपा आहे: सामानासकट गाडीचं जे वजन, त्याच्या दीडपट विंच. पण हा नियम स्वतःला सोडवण्यासाठी आहे. दुसऱ्याला काढायचं तर चिखलाचा हिशेब धरावा लागतो. चिखल हबपर्यंत असेल तर गाडीच्या वजनाइतका विरोध, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट, केबिनपर्यंत चढला तर तिप्पट. अडीच टनांची गाडी मडगार्डपर्यंत रुतली म्हणजे पाच टन झाले. चढ असेल तर त्याची भर वेगळी. ४,३०० किलोची विंच इथे पहिल्या थरावरही अपुरी पडते.

यावर लोक मोठी विंच शोधतात. त्यापेक्षा एक चांगली कप्पी घ्या. दोर कप्पीतून परत आणून बांधला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. शिवाय जास्त दोर सुटल्यामुळे ड्रमवरचे थर कमी होतात, तो फायदा वेगळा. फक्त ध्यानात ठेवा, कप्पी ज्याला बांधली त्याच्यावरही दुप्पट ओढ येते, मग ते झाड असो, खडक असो वा दुसरी गाडी.

आणि तुमची स्वतःची पिकअप? पाच टनांची ओढ लागली तर अडीच टनांची पिकअप ओल्या जमिनीवर ब्रेक दाबूनही घसरत पुढे जाणार. म्हणून तिला मागून झाडाला बांधतात. बांधा, पण मग पूर्ण ओढ पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत चासीतून जाते, हे विसरू नका. खाल्लेली चासी लांब होते ती इथे.

विंच नुसतीच टकटक करते

सगळ्यात जास्त तक्रारी विजेच्या असतात आणि त्यात विंच क्वचितच दोषी असते. पूर्ण ओढीला १२ व्होल्टची अशी विंच ४०० अँपिअरच्या आसपास घेते. जुन्या पिकअपचा मूळ अल्टरनेटर ४०-६० अँपिअरचा, काहींना तर डायनॅमोच. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक अमेरिकन गाड्यांची वायरिंग ६ व्होल्टची असते, तिथे आधी सगळी वायरिंग बदला, मग पुढचं बोला. सांगायचं हे की विंच चालते ती बॅटरीवर. अल्टरनेटर फक्त मागून भरपाई करत राहतो.

बटण दाबल्यावर टकटक आवाज येतो आणि ड्रम फिरत नाही, तेव्हा सोलेनॉइडपर्यंत (मोटरचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या विजेच्या स्विचपर्यंत) पुरेसा व्होल्टेज पोहोचत नसतो. मीटर घ्या. विंचवर भार असताना एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरं मोटरच्या धन टर्मिनलवर ठेवा. मग तसंच ऋण बाजूला करा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष त्या बाजूच्या केबलमध्ये, लगमध्ये (केबलच्या टोकाच्या कडीत) किंवा जोडणीत आहे. जुन्या गाडीत तो बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये सापडतो, कारण कुणीतरी ऋण तार गंजक्या बॉडीला कसलेली असते. विंचची अर्थिंग जाड केबलने थेट बॅटरीला न्या.

एकाच दिशेने फिरते? सोलेनॉइड किंवा रिमोटची तार बघा. हलक्या ओढीला छान चालते आणि भार आला की दमते? केबल बारीक आहे, किंवा बॅटरी म्हातारी. मोटर गरगरते आणि ड्रम थंड? क्लचचा लिव्हर पूर्ण बसलेला नाही. भार असताना तो बसवायला जाऊ नका. दोर आधी सैल करा. थोडं ओढून आपोआप थांबते? ती तापली आहे. मिनिटभर ओढ, मग विसावा आणि इंजिन थोडं वर चढवून ठेवणं, अशीच ही मोटर चालवायची असते. बॅटरीजवळ मोठा आयसोलेटर स्विच हवाच. सोलेनॉइडचा संपर्क चिकटला तर बटण सोडूनही विंच ओढत राहते. त्या वेळी बोनेट उघडून पाना शोधायला सवड मिळत नाही.

वजन आणि ब्रेक

मागे बूम किंवा छोटी क्रेन लावायची हौस असते. आधी हा हिशेब करा. व्हीलबेस (दोन एक्सलमधलं अंतर) ३ मीटर, हूक मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे, उचललं ५०० किलो. मागच्या एक्सलवर ५०० नव्हे, ७०० किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून २०० किलो उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टीअरिंग फिरतं आणि गाडी वळत नाही. पाट्यांमध्ये दोन पाटे वाढवले की मागचा भाग बसत नाही, पण पुढचं गेलेलं वजन परत येत नाही.

ब्रेक हा विषय कंटाळवाणा म्हणून मागे पडतो. जुन्या पिकअपमध्ये बहुधा चारही ड्रम आणि एकच सर्किट: एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. अमेरिकन गाड्यांमध्ये दोन वेगळी सर्किट चालवणारा दुहेरी मास्टर सिलिंडर १९६७ मॉडेलपासून सर्रास आला. त्याआधीची गाडी असेल तर विंचच्या आधी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवा, पुढे डिस्क बसवता आल्या तर उत्तमच. गाडी उंच केली असेल तर ब्रेकच्या रबरी होजही लांब घ्या. एक्सल पूर्ण खाली लटकवून होज ताणत नाही ना, ते जॅकवर बघून घ्या.

मोठे टायर लावले की गिअरिंग बिघडतं. ३१ इंची टायरवर ३.५५ गुणोत्तराचा डिफरन्शियल असेल आणि ३५ इंची टायर लावले, तर तो ३.१५च्या आसपास असल्यासारखा वागतो. ओढण्याचा दम तिथेच जातो. ४.१०चा सेट घातला की मूळपेक्षा किंचित जास्त दम मिळतो.

रेडिएटर, कार्बोरेटर

विंच आणि जाड बंपर रेडिएटरच्या तोंडावर बसतात आणि गाडी उभी असताना इंजिन तापतं. पंख्याभोवतीचा श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून असलेलं आवरण) जुन्या गाडीत हमखास गायब असतो. तो आधी परत लावा, इलेक्ट्रिक पंख्याचं नंतर बघू. तीव्र उतारावर इंजिन बंद पडत असेल तर इग्निशन खोलण्याआधी कार्बोरेटरच्या फ्लोटची पातळी बघा.

दोर आणि पट्टे

झटका देऊन काढायचा नायलॉनचा पट्टा ताणतो, त्यासाठीच तो असतो. झाडाला गुंडाळायचा पट्टा ताणत नाही. दोन्ही एकाच पिशवीत ठेवले की घाईत अदलाबदल होते. ताणणारा पट्टा विंचला कधीच लावू नका. स्टीलची केबल काढून सिंथेटिक दोर लावला असेल तर जुने रोलर काढून गुळगुळीत फेअरलीड (दोर ज्यातून बाहेर येतो ती चौकट) बसवा. केबलने ओरखडलेले रोलर तो दोर कापतात. ड्रमवर स्टीलचे किमान ५ वेढे राहू द्या, सिंथेटिकचे ८ ते १०. ताणलेल्या दोरावर ओलं जड कांबळं किंवा डॅम्पर टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. ते ऐकत नसतील तर ओढूच नका.

गाडी बांधून झाली की मोकळ्या जागेत जाड झाडाला पट्टा गुंडाळा आणि स्वतःच्याच ब्रेकविरुद्ध हळूहळू ओढून बघा. त्याआधी बंपरच्या आणि विंचच्या प्रत्येक नटावर बोल्टपासून चासीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. ओढून झाल्यावर टॉर्च घेऊन खाली जा. रेघ तुटलेली दिसली तर तो नट नुसता आवळून मोकळे होऊ नका. बोल्ट काढा आणि मागचं भोक बघा.