परक्या शहरात ओळखी जुळवणाऱ्या ॲपचा आराखडा कसा करावा

शिक्षणासाठी किंवा पोटापाण्यासाठी नव्या शहरात, उदाहरणार्थ आपल्या कोल्हापुरात, आलेल्या माणसाला तेथे ओळखी मिळवून देणारे ॲप करायचे ठरले, की आराखड्याची सुरुवात बहुधा नोंदणीच्या स्क्रीनपासून होते: छायाचित्र, वय, आवडीनिवडी आणि त्यांवरून जुळवलेल्या अनोळखी माणसांची यादी. ही सुरुवात टाळावी, असा माझा आग्रह आहे. मैत्री होते ती तीच ती माणसे ठरल्या जागी वारंवार भेटत राहिल्यामुळे. आवडी जुळणे त्यापुढे दुय्यम ठरते.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाच्या एका भागात, गेल्या सहा महिन्यांत नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या आणि मित्रांच्या शोधात असलेल्या प्रौढांकडे विचारणा केली होती. ओळखीचा माणूस जुजबी मित्र होण्यास सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, खरा मित्र होण्यास सुमारे ९० तास आणि जिवलग होण्यास २०० हून अधिक, असा त्यांचा अंदाज आहे. हे आकडे कोल्हापुरास जसेच्या तसे लागू होतील असे मी म्हणणार नाही. तरीही आराखडा करणाऱ्याने एक हिशेब मांडावा. आठवड्यातून एकदा दोन तास भेटणाऱ्या गटाला ५० तास गाठण्यास २५ आठवडे लागतात आणि दोनदा भेटणाऱ्या गटाला साधारण तेरा. एका भेटीपुरती जोडी जमवून देणारे ॲप या वाटेवर फार दूर जात नाही.

कोल्हापुरास ही गोष्ट नवी नाही. तालमीत रोज पहाटे तीच पोरे येतात, रंकाळ्याच्या काठावर ठरल्या वेळी तीच मंडळी बसलेली असते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून पुढे खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी येथे वसतिगृहे उभारली, आणि त्यांतून निवाऱ्याबरोबर रोजच्या पंगतीचा सहवासही मिळाला. ॲपला पंगत वाढता येत नाही, पण ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा देता येते. म्हणून आराखड्याचा मूळ घटक ‘व्यक्ती’ न ठेवता ‘कट्टा’ ठेवावा: सहा ते आठ माणसे, एक जागा, बारा आठवडे. मुख्य स्क्रीनवर माणसांचे चेहरे न दाखवता, या आठवड्यात जवळ कोणते कट्टे भरणार आहेत आणि त्यांत किती जागा आहेत, एवढेच दाखवावे.

स्क्रीनची चित्रे काढायला बसण्यापूर्वी लोकांशी बोलावे. शिवाजी विद्यापीठाच्या वसतिगृहात कोकणातून आलेली विद्यार्थिनी, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत परराज्यातून आलेला कामगार आणि बदली होऊन आलेला बँक कर्मचारी यांचे एकटेपण सारखे नसते. त्यांना “असे ॲप वापराल का?” असे विचारू नये, कारण समोरचा माणूस संकोचाने होच म्हणतो. “मागची सुट्टी कशी घालवलीत? आजारी पडलात तेव्हा कोणाला फोन केलात?” असे विचारावे. पाळीत काम करणाऱ्याची वेळ दर आठवड्याला बदलते, त्यामुळे त्याला रविवारच्या संध्याकाळचा कट्टा उपयोगाचा नाही, हे अशाच बोलण्यातून कळते.

कट्ट्यात केवळ नवखे नकोत. सगळेच नवखे असले, तर शहर परकेच राहते. आठांपैकी दोघे-तिघे कोल्हापूरकर असावेत आणि त्यांतील एकाने यजमानपण पत्करावे. यजमानाचे काम ॲपने नेमके सांगितले पाहिजे: दहा मिनिटे आधी पोहोचणे, नवीन आलेल्याची सर्वांशी ओळख करून देणे आणि न आलेल्याला दुसऱ्या दिवशी एक निरोप पाठवणे. हा शेवटचा निरोप मला सर्वांत मोलाचा वाटतो; आपण आलो नाही हे कोणाच्या तरी लक्षात आले, ही जाणीव परक्या गावात फार मोठी असते.

जागेचा पत्ता लिहिताना नवख्याच्या डोळ्यांनी पाहावे. मिरजकर तिकटी, गंगावेश, बिंदू चौक ही नावे आपल्याला पत्त्याइतकी स्पष्ट असतात, पण तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, हे बाहेरून आलेल्याला ठाऊक नसते. प्रत्येक जागेसोबत मध्यवर्ती बसस्थानकापासून कसे यावे, समोर कोणती ठळक खूण आहे आणि परतीची शेवटची बस केव्हा आहे, हे लिहावे. जागा सार्वजनिक, उजेडाची आणि खर्च न लावणारी असावी.

नोंदणीत जितके कमी विचारावे तितके चांगले. कोल्हापुरात नव्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो “कुठलं गाव, पाव्हणं?” हाच, ॲपनेही तेथूनच सुरुवात करावी आणि आडनाव मुळीच दाखवू नये. आपल्याकडे आडनावावरून जात ताडली जाते, आणि एकदा ती ताडली की कोणत्या कट्ट्यात जावे याचा निर्णय नकळत तिच्यावर होऊ लागतो. बोलण्याची भाषा मात्र जरूर विचारावी. लिहिण्या-वाचण्याची अडचण असणाऱ्यांसाठी आवाजी निरोपाची सोय पहिल्या आवृत्तीतच असावी.

सुरक्षिततेचे निर्णय मागाहून जोडता येत नाहीत. राहण्याचे ठिकाण साठवायचेच झाले, तर अक्षांश-रेखांश दोनच दशांश स्थळांपर्यंत ठेवावेत. त्यातून सुमारे एक किलोमीटरचा परिसर कळतो, घर कळत नाही. मोबाइल क्रमांक इतरांना दिसू नये, केवळ स्त्रियांचे कट्टे निवडता यावेत आणि तक्रार करण्याचे बटण प्रत्येक संभाषणात एका स्पर्शावर असावे. त्या तक्रारीला माणसाने उत्तर द्यायचे आहे, त्यामुळे तो माणूस कोण आणि किती तासांत उत्तर देणार, हे आधी ठरवावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. लहान चमूने सुरुवातीला अठरा वर्षांवरील व्यक्तींनाच प्रवेश द्यावा, हे उत्तम. संमतीचा मजकूर मराठीतही असावा, आणि वकिली मराठीत नसावा.

पहिला नमुना कागदावर करावा आणि पाच नवख्या माणसांच्या हातात द्यावा; ढोबळ चुका एवढ्यांतही दिसतात. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार येत असल्याने ओळींतील अंतर थोडे जास्त ठेवावे, आणि अक्षरांची तपासणी स्वस्त फोनवर करावी.

नंतर साऱ्या शहरात एकदम उतरू नये. राजारामपुरी किंवा विद्यापीठाचा परिसर असा एकच भाग घ्यावा आणि तेथे चार कट्टे नीट चालवावेत. शहरभर विखुरलेल्या शंभर जणांच्या नोंदणीतून एकही कट्टा भरत नाही, एका भागातील तीस जणांतून चार भरतात. यश मोजताना ॲपवर घालवलेला वेळ पाहू नये. पहिल्या भेटीला आलेल्यांपैकी चौथ्या भेटीला किती जण आले, एवढाच आकडा दर आठवड्याला भिंतीवर लिहावा. तो घसरला, तर नवीन सुविधा जोडण्याआधी यजमानांना फोन करावा आणि चौथ्या भेटीला न आलेल्या प्रत्येकाला कारण विचारावे.