बोटीचं इंजिन तापलं तेव्हा

ग्रीसच्या सॅरॉनिक आखातात आम्ही मित्रांनी शिडाची बोट भाड्याने घेतली होती. एजिना बेटावरून पोरोस बेटाला जाताना वारा पडला, इंजिन लावलं आणि थोड्याच वेळात तापमानाचा भोंगा वाजायला लागला.

अशा वेळी आधी एक्झॉस्ट बघायचा. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत खेचलं जातं आणि ते धुराबरोबर मागून भसाभसा बाहेर पडतं. आमच्याकडे नुसती वाफ! म्हणजे पाणी आत येतच नव्हतं. लगेच इंजिन बंद केलं. किनारा लांब होता, बोट वाहत जाऊन आदळायची भीती नव्हती, त्यामुळे निवांत काम करता आलं.

पहिल्यांदा बुडाचा, समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद केला. हे विसरायचं नाही, कारण आत येणारं पाणी गाळणारी गाळणी पाण्याच्या पातळीखाली असेल तर झाकण काढताच समुद्र आत येतो. झाकण फिरवलं, तर आत पॉसिडोनियाची तपकिरी, फितीसारखी पानं गच्च बसलेली. भूमध्य समुद्रातलं हे गवत. सुटलेली पानं पाण्यावर तरंगत असतात. ओढून काढली, जाळी धुतली, झाकण घट्ट केलं, व्हॉल्व्ह उघडला.

इंजिन लावलं तर धार बारीकच. पाणी खेचणारा पंप कोरडा फिरला की इम्पेलरची, म्हणजे त्याच्या आतल्या फिरत्या चाकाची, रबरी पाती जातात, हा अंदाज खरा निघाला. पुन्हा सगळं बंद करून पंप उघडला: एक पातं तुटलेलं. सुटा इम्पेलर बोटीवर होता, तो बसवला. तुटका तुकडा मात्र चिकाटीने शोधून काढलाच. तो पुढे हीट एक्सचेंजरमध्ये, म्हणजे समुद्राचं पाणी जिथे इंजिनाची उष्णता घेतं तिथल्या नळ्यांत, अडकला असता तर भोंगा परत वाजलाच असता.