पॅराग्लायडिंगचं सामान कसं निवडावं, उडण्याआधी कसं तपासावं

पावसाळा सरला की कामशेतच्या टेकड्यांवर रंगीत विंग, म्हणजे पॅराग्लायडरचे कापडी पंख, दिसू लागतात. प्रशिक्षण पूर्ण करून आता स्वतःचं सामान घ्यायचं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. कपडे, बूट, हेल्मेट, हार्नेस (पट्ट्यांची बसायची खुर्ची), रिझर्व्ह पॅराशूट (अडचणीत उघडायचं राखीव पॅराशूट) आणि विंग, सगळं घेऊन काट्यावर उभे राहा. ७० किलोच्या माणसाचं हे वजन सहज ८८ च्या घरात जातं. प्रत्येक विंगवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, समजा ७५ ते ९५ किलो. आपला आकडा तिच्यात बसलाच पाहिजे. वजनाच्या मानाने विंग मोठी असेल तर ती सुस्तावते आणि खवळलेल्या हवेत लवकर मिटते. लहान असेल तर वेग वाढतो, आणि चूक झाली की ती फार जोरात वळते.

युरोपीय मानकात विंगचे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत; ए सांभाळायला सगळ्यात सोपा, डी सगळ्यात अवघड. पहिली विंग ए वर्गातलीच घ्या. ओळखीतल्या कुणाची सी वर्गातली स्वस्तात मिळत असली तरी नको. जुनी विंग घ्यायची तर कापडातून हवा किती झिरपते आणि दोऱ्या किती ताण सोसतात, याचा तपासणी अहवाल मागा. उन्हाने कापड आतून कमकुवत होतं, ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. अहवाल नसेल तर व्यवहार सोडून द्या.

हार्नेस घरीच भक्कम आधाराला टांगून त्यात बसून बघा. डोळे मिटून रिझर्व्हच्या हँडलवर हात जातो का? जात नसेल तर पट्टे पुन्हा जुळवा. रिझर्व्ह तुमच्या एकूण वजनाला पुरणारा हवा, आणि तो हार्नेसमध्ये जाणकाराकडूनच बसवून घ्या. आपल्याकडची पावसाळी दमट हवा त्याच्या कापडाला मानवत नाही, म्हणून हंगाम सुरू होण्याआधी तो उघडून, वाळवून, पुन्हा घडी करून घ्यावा.

आता टेकडीवर. विंग पसरली की दोऱ्या रायझरपासून (दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांपासून) वरपर्यंत बोटांतून सोडत जा. आपल्या डोंगरांवर ऑक्टोबरनंतर गवत वाळतं आणि कुसळं, काटक्या दोऱ्यांत अडकतात. एवढीशी काटकी दोन दोऱ्यांना गाठीसारखी धरून ठेवते, आणि हवेत गेल्यावर विंग एका बाजूला ओढू लागते. घाई न करता एकेक काढा. मग कॅराबिनर (रायझर हार्नेसला अडकवणाऱ्या कड्या) नीट बंद आहेत का, रिझर्व्हच्या पिना जागेवर आहेत का, ते बघा.

हार्नेस चढवताना पायांचे पट्टे सगळ्यात आधी लावायचे आणि सगळ्यात शेवटी सोडायचे. शिकत असताना एकदा छातीचा पट्टा लावून मी धावायच्या तयारीत होतो. प्रशिक्षकांनी मांडीजवळचा पट्टा धरून ओढला, तर तो सरळ त्यांच्या हातात आला. तसाच उडालो असतो तर हार्नेसमधून खाली घसरलो असतो. तेव्हापासून दोन्ही मांड्यांवर हात मारून, मोठ्याने ‘पाय’ म्हटल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. मधेच कुणी हाक मारली किंवा फोन वाजला, तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

सगळं झाल्यावरही दहा मिनिटं विंडसॉककडे, म्हणजे वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बघत उभे राहा. वारा समोरून आणि एकसारखा यायला हवा. विंडसॉक मधेच ताठ होऊन लगेच लोंबकळत असेल किंवा दिशा बदलत असेल, तर विंग घडी करा आणि संध्याकाळची वाट बघा.